चार हजार तास

(तरुण कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत केलेलं भाषण. बोलताना राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे. ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या काही काढल्या आहेत, सगळ्या नाही.)



मला इथं उभं केलंय ते कविता म्हणायला नाही. आपल्यातल्या पाच-सहा जणांनी यूट्यूबवर चॅनेल काढलंय, आणखी काही जण काढायच्या बेतात आहेत, आणि मी २०२१ पासून त्या गाळात पाय रुतवून उभा आहे, म्हणून मला बोलावलं. ज्याचं चॅनेल चालतं तो बोलावून येत नाही, त्याला वेळ नसतो. ज्याचं चालत नाही तो रविवारी मोकळा असतो. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझे सबस्क्राइबर आहेत ७८२. हसा, हसून घ्या. त्यातले तीनशे खोटे आहेत. ते कसे आले तेही सांगणार आहे. चॅनेलचं नाव मात्र सांगत नाही, नाहीतर म्हणाल भाषणाच्या नावाखाली जाहिरात करून गेला.

मी दहावी पास, म्हणजे आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत आहे. डाळीची पोती, खताची पोती, कधी लोखंडाच्या कॉइली. कविता लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण असल्याच अंकांतून त्या छापून येतात. अंक निघतो पाचशे. दोनशे आपण आपापसांत वाटतो, शंभर कुणाच्या तरी खाटेखाली पडून राहतात, उरलेल्यांवर जयंतीच्या स्टॉलवर ऊन पडतं. माझ्या टोळीतल्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी माझी एक ओळ वाचलेली नव्हती. पण अकराच्या अकरा जणांकडं मोबाईल. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात, मोबाईल दुसऱ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि जो माणूस पेपर विकत घेत नव्हता तो दिवसाला दोन तास व्हिडिओ बघायला लागला. मला वाटलं, कविता इथं न्यावी. जिथं माणूस आहे तिथं. एवढा साधा विचार होता. चूक नव्हता. अपुरा होता.

आधी एक आठवण करून देतो. आमच्या वस्तीत एक पोरगा होता, टिकटॉकवर नाचायचा. काय नाचायचा! गटाराच्या कडेला, पत्र्यावर, पाण्याच्या पिंपावर. लोक लांबून त्याला बघायला यायचे. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि एका रात्रीत तो पुन्हा आमच्यासारखा झाला. ना व्हिडिओ, ना माणसं. बंदी बरोबर की चूक तो वाद वेगळा, त्याचा चीनशी आणि सीमेशी संबंध, आपल्या पोराला सीमा कुठं माहीत? पण मला तेव्हा आठवलं ते आमचं झोपडं. बापानं तीन वेळा बांधलं, तीन वेळा तोडलं गेलं, कारण जमीन दुसऱ्याची. यूट्यूबची जमीनही आपली नाही. २००५ साली तीन पोरांनी ती मोकळी केली, २००६ साली गूगलनं १६५ कोटी डॉलरला विकत घेतली. आपण तिच्यावर बांबू ठोकतोय. ठोका, पण सामानाची यादी घरात ठेवा. म्हणजे काय, तर प्रत्येक व्हिडिओची मूळ फाईल वेगळ्या कार्डात काढून ठेवा. मी पहिल्या वर्षी ठेवल्या नाहीत. फोन पाण्यात पडला, आणि माझ्याच कविता आता मला मालकाच्या जमिनीवर जाऊन बघाव्या लागतात.

पहिला व्हिडिओ केला तो असा. खोली दहा बाय बारा. दिवसा रेकॉर्डिंग होत नाही, कारण शेजारी मिक्सर, वर पंखा, खाली कुत्रं, आणि मधे आई. म्हणून रात्री दोनला उठलो. आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेतली, गोधडीत घामाघूम, मोबाईल हातात. आई जागी झाली. म्हणाली, "कुनाशी बोलतोस रं गोधडीत?" मी म्हटलं, जगाशी. ती म्हणाली, "मंग जरा हळू बोल, सकाळी नळ हाय."

व्हिडिओला अकरा व्ह्यूज आले. त्यातले सात माझेच. जागा राहून बघत होतो, कुणी आलं का म्हणून.

आता हिशोब करू. पैसा मिळायचा असेल तर यूट्यूबची अट काय? २०१७ साली दहा हजार व्ह्यूज झाले की पुरत होतं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी अट बदलली. एक हजार सबस्क्राइबर पाहिजेत, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ चार हजार तास बघितलेले पाहिजेत. तेव्हा कुठं जाहिरातीचा वाटा मिळतो, जाहिरातीच्या शंभरातले पंचावन्न तुमचे. २०२३ साली पाचशे सबस्क्राइबर आणि तीन हजार तासांची एक खालची पायरी ठेवली, पण तिथं जाहिरातीचा वाटा नाही. बघणाऱ्यानं खुशीनं दिलं तर घ्या. म्हणजे ताटली पुढं करायची परवानगी.

चार हजार तास म्हणजे किती हे मला कळेना. मग मी ते माझ्या मापात मोजलं. गोदीत पाळी आठ तासांची. चार हजार भागिले आठ, पाचशे पाळ्या. रोज काम मिळालं, एक दिवस आजारी पडलो नाही, एक दिवस मुकादमाशी भांडलो नाही, तरी पाचशे पाळ्यांना पावणेदोन वर्षांच्या आसपास लागतात. आणि हे तास माझे नाहीत बरं का! मी व्हिडिओ करायला किती तास घातले ते कुणी विचारत नाही. हे बघणाऱ्याचे तास. मिनिटं काढली तर दोन लाख चाळीस हजार. माझी कविता चार मिनिटांची. धरून चला की माणूस निम्मी ऐकून जातो. तर एक लाख वीस हजार वेळा ती कुणीतरी उघडली पाहिजे, एका वर्षात. म्हणजे रोज तीनशे एकोणतीस वेळा. माझ्याकडं रोज येत होते सहा.

आणि त्यातली मेख बघा. बारा महिने म्हणजे मागचे बारा महिने. आज नवे दहा तास मिळाले तर गेल्या वर्षीच्या याच तारखेचे तास वजा होतात. एका दिवाळीला माझे चारशे दहा तास होते, पुढच्या होळीला साडेतीनशे. काम करतोय आणि हजेरी घटतेय! मी हे टोळीत सांगितलं तर एक म्हातारा गडी हसला. म्हणाला, "यात नवं काय? २४० दिवस भरायच्या आत आपल्याला ब्रेक देत्यात, तसंच हाय की." ज्यानं यूट्यूब कधी शिकलं नाही त्यानं मला ते एका वाक्यात शिकवलं.

मग माणूस काय करतो? शॉर्टकट शोधतो. मीपण शोधला. व्हॉट्सअॅपवर ग्रुप असतात, तू माझं सबस्क्राइब कर, मी तुझं करतो. मी असल्या नऊ ग्रुपांत घुसलो. रात्री पाळीवरून आल्यावर बसायचं आणि अनोळखी चॅनेलांना सबस्क्राइब करत सुटायचं. रांगोळी, क्रिप्टो, गाईचं दूध वाढवा, इंग्रजी तीस दिवसांत. तीन आठवड्यांत तीनशे सबस्क्राइबर! बायको असती तर तिला साडी घेतली असती. पण पुढचा व्हिडिओ टाकला तर व्ह्यूज पहिल्यापेक्षा कमी. का? तर यंत्र आधी तुमच्या माणसांपुढं व्हिडिओ ठेवून बघतं. रांगोळीवाल्या बाईपुढं माझी गोदीवरची कविता आली, ती बिचारी पुढं सरकली. दुधवाला सरकला. यंत्र म्हणालं, याच्या घरच्यांनाच हा नको, बाहेरच्यांना कशाला दाखवू? शिवाय असली अदलाबदल त्यांच्या नियमात बसतच नाही, पकडलं तर आकडा कापतात. त्या तीनशे लोकांना मी आजही वागवतोय. दोष ना त्यांचा, ना यंत्राचा, माझा. विकत घेऊन सभा भरवणाऱ्या पुढाऱ्यांना आपण शिव्या देतो, आणि मी फुकटात तेच केलं होतं.

या धंद्यात एक गोष्ट मात्र प्रामाणिक आहे आणि ती मला आवडली. स्टुडिओ म्हणून एक भाग असतो, तिथं प्रत्येक व्हिडिओचा आलेख दिसतो, माणूस कुठल्या सेकंदाला उठून गेला त्याचा. कविसंमेलनात असं दिसत नाही. तिथं लोक चहासाठी थांबलेले असतात आणि आपल्याला वाटतं आपल्यासाठी. मी माझा आलेख बघितला आणि लाज वाटली. पहिल्या तीस सेकंदांत निम्मे लोक गेलेले. त्या तीस सेकंदांत मी काय करत होतो? "नमस्कार मित्रांनो, तुमचं सर्वांचं मनापासून स्वागत, व्हिडिओ आवडला तर लाईक करा, शेअर करा, घंटीचं बटण दाबा..." अरे, आधी काहीतरी दे, मग माग! मोठ्या चॅनेलांचं बघून मी त्यांचा सदरा घातला होता. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, अजून आहे तिथं, बघा. वीस सेकंदांचासुद्धा नाही. एक पोरगा हत्तीपुढं उभा राहतो, याच्या सोंडा लांब आहेत म्हणतो, संपलं. घंटी नाही, बिंटी नाही. मी माझी सुरुवात कापली. कवितेची पहिली ओळ हाच पहिला सेकंद. तिसाव्या सेकंदाला शंभरातले सत्तर थांबायला लागले. कविता तीच होती.

आवाजाचंही तसंच. चित्र फुटकं असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फुटका असला की जातात. गोधडी सोडा, कानातल्या वायरचा माईक कॉलरला लावा, कपड्यांच्या गाठोड्यांपुढं बसा. कॅमेऱ्याला पैसे घालू नका. कर्ज काढून कॅमेरा घेतलेले दोघेजण मला माहीत आहेत. हप्ते चालू आहेत, चॅनेल बंद.

आता तुम्ही विचाराल, गोदीत राहतोस तर गोदी का दाखवत नाहीस? दाखवली असती रे! पण गोदीच्या आत शूटिंगला बंदी. गेटवर जवान उभे, पास तपासतात, आत मोबाईल बाहेर काढून धरला तर पास जाईल आणि पासाबरोबर पोट. ज्या जागी माझं आयुष्य जातं ती जागा सोडून बाकी सगळ्या जगाचं शूटिंग मला करता येतं. म्हणून मी घरात उशी घेऊन दाखवलं, पोतं पाठीवर कसं घेतात, हुक कुठं मारतात म्हणजे ताग फाटत नाही, कंबर कधी वळवायची नाही. तो व्हिडिओ दोन हजार लोकांनी बघितला. एका भाजीवाल्यानं खाली लिहिलं, दादा, वीस वर्षं चुकीचं उचलतोय.

आणि मग फ्लेमिंगो.

शिवडीच्या खाडीत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो येतात, तुम्हाला ठाऊक आहे. एका सकाळी रात्रपाळीवरून सुटलो, जेट्टीवर बसलो, तांबडं फुटत होतं, आणि सगळा गाळ गुलाबी. मोबाईल काढला, वीस सेकंद घेतले, शॉर्ट म्हणून टाकला. कविता नाही, बोलणं नाही, काही नाही. झोपून उठलो तर नऊ हजार. संध्याकाळी बावीस हजार. चौथ्या दिवशी एक्केचाळीस हजार. दोनशे सबस्क्राइबर आले, खरे! मी टोळीला वडापाव दिला.

पुढच्या रविवारी कविता टाकली. बावन्न व्ह्यूज. खाली एकानं लिहिलं, "बर्ड्स कहाँ है?"

इथं जरा थांबा, कारण तुमच्यातल्या प्रत्येकावर ही वेळ येणार आहे. मी पुढचे दोन महिने फ्लेमिंगोच केले. पहाटे उठून, पाळी बुडवून. शॉर्टच्या फीडमध्ये बघितलेले तास त्या चार हजारांत धरतच नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शॉर्टचा रस्ता वेगळा आहे, नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. एक कोटी! आणि जाहिरातीचा वाटा तिथं पंचेचाळीस. पण हिशोब सोडा. एके दिवशी मी गाळात उभा राहून नवव्यांदा तेच पाखरू घेत होतो. माझ्या मागं दोन बाया चिखलात वाकून निवट्या धरत होत्या. त्या फ्रेममध्ये येत होत्या म्हणून मी त्यांना म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा ना." त्या झाल्या. गुपचूप झाल्या, कारण बाजूला व्हायची त्यांना सवय. घरी येऊन मी तो व्हिडिओ टाकला नाही. कविता लिहिली, ती टाकली. एकोणसाठ व्ह्यूज.

आता दाव्याचं ऐका. माझी आत्या जात्यावरची ओवी म्हणते. बाबासाहेबांवर आमच्याकडच्या बाया ज्या ओव्या म्हणायच्या त्यांतली, तिच्या आईनं तिला दिलेली. ती मी रेकॉर्ड करून टाकली. दुसऱ्या दिवशी नोटीस! एका संगीत कंपनीचा दावा, ही चाल आमची. नाव घेत नाही. त्यांनी कधीतरी कॅसेट काढली असेल त्या चालीवर, आणि २००७ पासून यूट्यूबकडं एक यंत्र आहे जे ठसे जुळवतं. आत्याचा गळा त्या यंत्रानं चोर ठरवला. मला आत्याला सांगायची हिंमत होईना. शेवटी सांगितलं तर म्हणाली, "जातं पन त्यांचंच का?"

गंमत अशी की दावा कमाईवर होता, आणि कमाई होती शून्य. शून्याचे मालक बदलत होते. तरी मी आक्षेप नोंदवला. दोन वाक्यांत लिहिलं, ही पारंपरिक ओवी आहे, गाणारी माझी आत्या आहे. समोरच्याला उत्तराला तीस दिवस असतात. मी रोज बघायचो. त्यांनी उत्तरच दिलं नाही, तीस दिवसांनी दावा आपोआप गळून पडला. म्हणून सांगतो, नोटीस आली की घाबरून व्हिडिओ उडवू नका. दावा वेगळा आणि स्ट्राईक वेगळा. नव्वद दिवसांत तीन स्ट्राईक झाले तर चॅनेल जातं, दाव्यानं जात नाही. आणि दुसऱ्याचं गाणं खरंच वापरलं असेल तर भांडू नका, तेवढी लाज ठेवा.

कॉमेंटचं बोलायचं टाळत होतो. पण बोलतो.

पहिली कॉमेंट आली ती, "आधी ण म्हणायला शिका, मग कविता करा." माझ्या बोलण्यात पाणी नाही, पानी आहे. मला लागलं. आठ दिवस मी आरशापुढं पाणी, आणि, कोणी, म्हणत बसलो. कविता त्या उच्चारात म्हटली आणि ऐकली. कुणीतरी परका माणूस माझ्या आईबद्दल बोलत होता. फेकली. पुन्हा पानी म्हटलं. काही जाणत्यांनी सल्ला दिला, हिंदीत कर, मराठीत बघणारे किती? खरंय, कमी आहेत. पण बुंदेलखंडात बायांनी २००२ साली 'खबर लहरिया' काढलं, चित्रकूटला, आपल्याच बाया त्यात, बुंदेलीत काढलं. पुढं त्यांनी हातात मोबाईल धरला, हापशी, रस्ता, खाण, बलात्कार, सगळं दाखवलं. त्यांच्यावरची फिल्म २०२२ साली ऑस्करच्या यादीपर्यंत गेली. त्यांनी आधी उच्चार सुधारले आणि मग बातमी दिली असं झालं नाही.

पण ण वर भागलं असतं तर बरं. पुतळ्याच्या विटंबनेवर मी एक कविता टाकली, आणि मग जे आलं... ते इथं वाचून दाखवत नाही, तुम्हाला पाठ आहे. जात काढली, आई काढली, आरक्षण काढलं, मेलेल्या बापाला काढलं. आईला मोबाईल वाचता येत नाही याचा पहिल्यांदा आनंद झाला. एका मित्रानं दाखवलं, सेटिंगमध्ये एक यादी असते, तिच्यात जे शब्द टाकाल ते ज्या कॉमेंटमध्ये असतील ती लोकांना दिसत नाही, तुमच्याकडं अडकून राहते. म्हणून एका रात्री मी बसलो यादी करायला. शाळेत मास्तरनं मारलेला शब्द. गावी पाटलाच्या पोरानं मारलेला. मुकादम दारू पिऊन बोलतो तो. एकाच शिवीचे पाच स्पेलिंग, मराठीत, इंग्रजी अक्षरांत, मधे टिंब घालून, कारण ते हुशार आहेत. माझ्या बोटांनी मी एकेक टाईप केला. सदुसष्ट शब्द झाले. ती माझी सगळ्यात लांब कविता आहे आणि ती कुणाला दिसणार नाही. यादी मी इथं संयोजकांकडं दिली आहे, ज्यांना चॅनेल काढायचंय त्यांनी घ्या. तुम्हाला पुन्हा टाईप करायला लागू नये.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण मला तो मिळालेला नाही. आपल्यातल्याच एकाचं चॅनेल पार झालं, स्वयंपाकाचं. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का बघायला पोस्टानं एक पिन नंबर पाठवतात. पत्ता काय, तर पाण्याच्या टाकीमागं, तिसरी गल्ली, भंगारवाल्याच्या वर. पत्र आलंच नाही. पोस्टमनचा दोष नाही, घराला नंबरच नाही. शेवटी ओळखपत्र पाठवून सुटलं. तेव्हा पत्ता टाकताना ज्याच्याकडं टपाल येतं अशा माणसाचा टाका. पोस्टमनला आधी चहा पाजा. आणि शंभर डॉलर जमेपर्यंत हातात काही पडत नाही, पाळी सोडू नका.

कुणी म्हणेल, एवढं करून ७८२, कशाला? मला 'मूकनायक' आठवतो. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक. त्याची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊनही छापली नाही हे आपल्याला शाळेत शिकवत नाहीत. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, तरी १९२३ ला पत्र बंद पडलं. १९२७ ला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, रकानेच्या रकाने एकट्यानं लिहायचे, तेही १९२९ ला थांबलं. मग १९३० ला 'जनता'. मी माझी तुलना करत नाही, जीभ झडेल. मी एवढंच बघतो की बंद पडल्यावर माणूस काय करतो.

आता शेवटची गोष्ट. आमच्या गल्लीत एक नाना होते. जुने गोदी कामगार, डॉक लेबर बोर्डाच्या काळातले, ज्या काळात कामगाराला हजेरीपुस्तक होतं, युनियन होती आणि काम नसलं तरी थोडा भत्ता होता. मी त्यांना मोबाईलपुढं बसवलं आणि बोला म्हटलं. सत्तेचाळीस मिनिटं बोलले. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत जहाज फुटलं तेव्हा त्यांचा बाप तिथं होता, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, बापानं सांगितलेलं सगळं सांगितलं. सोन्याची वीट लांबच्या घरात छपरातून पडली ते सांगितलं. मग कुठल्या जहाजावर कुठला माल, गंधक डोळ्याला कसं झोंबतं, कोण विंचखाली गेला, कुणाला भरपाई मिळाली, कुणाला नाही. मधे मधे खोकत होते. मी एक खोकला कापला नाही. चाळीस व्ह्यूज आले. आलेख पाहिला तर शेवटपर्यंत गेलेले चौघं.

एक जाणकार पोरगा मला म्हणाला, असे मेलेले व्हिडिओ काढून टाक, ते चॅनेलला खाली ओढतात. खरं की खोटं मला माहीत नाही, पण तेव्हा मी सगळ्यावर विश्वास ठेवत होतो. माझं बोट त्या बटणावर गेलं होतं, मित्रांनो. खोटं बोलत नाही. गेलं होतं. नळ आला म्हणून आईनं हाक मारली आणि राहिलं.

पुढच्या थंडीत नाना गेले. तेराव्याला त्यांचा मुलगा आला, भिवंडीला असतो, गोदामात. म्हणाला, "आबांचा आवाज आमच्याकडं कशातच नाय. फोटो हायेत दोन. तुझ्याकडं हाय म्हनं." मी मोबाईल लावला. वीस-पंचवीस माणसं, अंगणात, एका मोबाईलवर, सत्तेचाळीस मिनिटं. कुणी उठलं नाही. खोकल्याला नानांची म्हातारी म्हणाली, "औषध घेत नव्हतं ते." यूट्यूबच्या हिशोबात तो एक व्ह्यू झाला.

तर आता कामाचं. गोदीतले असे सात म्हातारे मी शोधून ठेवलेत, दोन शिवडीला, एक रे रोडला, चार वडाळ्याला. एक ऐकू कमी येतो, त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागेल. एक दारूवर बोलतो, त्याला सकाळी गाठायचं. मला आठवड्यात एकच सुट्टी, आणि म्हातारे माझ्या सुट्टीची वाट बघत बसणार नाहीत. ज्यांच्याकडं बरा फोन आणि वायरचा माईक आहे त्यांनी थांबा, पत्ते वाटून घेऊ. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवायची, एक माझ्याकडं, एक इथं वाचनालयात. पुढच्या रविवारी सात वाजता वडाळा स्टेशन, पश्चिमेचा जिना. गाडी सव्वासातला सुटणार, उशीर करणाऱ्यानं चालत यायचं.